फोरके डिस्क प्लेअर घ्यायचाय, बजेट वीस-बावीस हजार. सल्ला हवा

सातारी_कंदी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरी ५५ इंची सोनीचा टीव्ही आलाय, डॉल्बी व्हिजनवाला (उजेड-अंधार आणि रंग खुलवणारं तंत्र). सोफा ते टीव्ही अंतर साधारण आठ फूट. जोडीला अ‍ॅटमॉसचा (चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाचा) साउंडबार. ओटीटीवर बरंच काही बघतो, पण काळोखातला प्रसंग सुरू झाला की मागच्या भिंतीवर राखाडी पट्टे आणि चौकोन वळवळायला लागतात, तिथे माझं डोकं फिरतं. इंटरनेट १०० एमबीपीएसचं आहे, तिकडे काही कमी नाही. ऑफिसातला एकजण म्हणाला, डिस्कवर असलं काही होत नाही.

मोठा भाऊ न्यू जर्सीला असतो, दिवाळीला येतोय, तो आणायला तयार आहे. तर सोनीचा यूबीपी-एक्स७०० घ्यावा की पॅनासॉनिकचा यूबी४२०? तिकडून आणावा की दुसरीकडे कुठे बघावं? शिवाय दादांकडे (म्हणजे वडिलांकडे) डीव्हीडी-व्हीसीडींची भलीमोठी पेटी आहे, निम्म्याहून जास्त मराठी नाटकं. तीही त्याच यंत्रावर लागली तर दुधात साखर. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बघ्या_नंबर_एक

आत्ता डिस्क प्लेअर? म्युझियमला देणगी द्यायचीय का? (हलके घ्या.) ओप्पोने २०१८ मध्ये गाशा गुंडाळला, सॅमसंगने २०१९ मध्ये, नंतर एलजीनेही. कंपन्याच पळतायत आणि तुम्ही रांगेत उभे राहताय.

पडदानशीन

बघ्या, कंपन्या पळाल्या हे खरंच, पण धागाकर्त्याला त्रास कशाचा होतोय ते बघा ना. भिंतीवरचे चौकोन.

कंदी, तुमच्या १०० एमबीपीएसचा इथे फारसा उपयोग नाही. किती डेटा पाठवायचा ते ओटीटीवाला ठरवतो, आणि तो फोरकेला साधारण १५ ते २५ एमबीपीएस पाठवतो. अल्ट्रा एचडी ब्लू-रेला, म्हणजे फोरके डिस्कला, १२८ पर्यंत मुभा आहे. अगदी साध्या १०८०पी (फुल एचडी) ब्लू-रेलासुद्धा नुसत्या चित्रासाठी ४० पर्यंत मिळतात. चित्र जास्त दाबलं की पहिला बळी अंधार, धूर, धुकं आणि पाण्याचा जातो, कारण तिथे छटांमधले फरक अगदी बारीक असतात आणि दाबताना तेच आधी उडवले जातात. उजेडातला क्लोजअप ओटीटीवरही झकास दिसतो, म्हणून माणसं फसतात.

आता प्लेअरच्या आधी एक गोष्ट, जी दुकानदार सांगणार नाही. ५५ इंची टीव्हीपासून साधारण सात फुटांच्या मागे बसलं की चांगल्या नजरेलाही १०८०पी आणि फोरकेचे ठिपके वेगळे ओळखू येत नाहीत. तुम्ही आठ फुटांवर. म्हणजे तुम्हाला जो फरक दिसणार तो ठिपक्यांचा नाही, तर एचडीआरचा (उजेड-अंधाराच्या जास्त छटांचा), रंगांचा आणि कमी दाबलेल्या चित्राचा. तेव्हा 'फोरके' या शिक्क्यासाठी प्रत्येक सिनेमाची महागडी डिस्क घेऊ नका. जिथे छायाचित्रण बघण्यासारखं आहे तिथे अल्ट्रा एचडी, बाकीच्याला साधी ब्लू-रे. चांगली साधी ब्लू-रे तुमच्या टीव्हीवर ओटीटीच्या फोरकेला अनेकदा मागे टाकेल. (४३ इंची टीव्ही लावून दहा फुटांवर बसणाऱ्यांनी तर फोरकेच्या नादालाच लागू नये. आमच्या सोसायटीत असे बरेच आहेत.)

मॉडेलचं बोलायचं तर:

एक्स७०० मध्ये डॉल्बी व्हिजन आहे, एचडीआर१०+ (त्याच कामाचं दुसरं तंत्र) नाही. यूबी४२० चं बरोबर उलटं. तुमचा सोनी टीव्ही डॉल्बी व्हिजन घेतो आणि एचडीआर१०+ घेत नाही, म्हणजे कागदावर जोडी एक्स७०० शीच जमते. सॅमसंगचा टीव्ही असता तर मी उलट सांगितलं असतं, कारण सॅमसंग डॉल्बी व्हिजन घेतच नाही. यूबी८२० मध्ये दोन्ही आहे, पण तो तुमच्या बजेटबाहेर जाईल.

एक्स७०० ची एक खोड मात्र माहीत असू द्या. डिस्क डॉल्बी व्हिजनची आहे की नाही ते हा बाबा स्वतः ओळखून बदल करत नाही. सेटिंगमध्ये डॉल्बी व्हिजन चालू ठेवलंत तर साध्या एचडीआर१० च्या डिस्कलाही तोच झगा चढवतो आणि रंग बिघडतात. डिस्क बदलली की मेन्यूत जाऊन चालू-बंद करायचं. मला त्याचं काही वाटत नाही, पण घरात इतर कोणी रिमोट हातात घेणार असेल तर विचार करा.

कुलाबा_टॉकीज

पडदानशीन यांच्याशी थोडा असहमत. टीव्ही ओलेड किंवा भारीतला नसेल तर यूबी४२० चा विचार जरूर करा. त्यात एचडीआर ऑप्टिमायझर आहे. डिस्कवरचं चित्र हजार किंवा चार हजार निट्सच्या (उजेडाचं माप) हिशोबाने तयार केलेलं असतं आणि आपले मधल्या दराचे टीव्ही पाचशेच्या आसपासही जेमतेम पोचतात. मग ढग, दिवे, पांढरे कपडे असं सगळं एकसारखं फटफटीत होतं. ऑप्टिमायझर प्लेअरमध्येच ते बेतात आणतो आणि मग टीव्हीकडे पाठवतो. माझ्या मते बेताच्या टीव्हीवर डॉल्बी व्हिजनच्या लोगोपेक्षा हे जास्त कामाचं.

पडदानशीन

मुद्दा मान्य, पण डॉल्बी व्हिजनही तेच काम करतं, प्रसंगागणिक. ज्या डिस्कवर ते आहे तिथे ऑप्टिमायझरची गरज उरत नाही. ज्या डिस्क नुसत्या एचडीआर१० च्या आहेत तिथे मात्र पॅनासॉनिक सरस, यात वाद नाही. कंदींनी आधी हव्या त्या सिनेमांची यादी करावी आणि त्यांच्या डिस्कवर काय आहे ते बघावं. मागच्या कव्हरवर लोगो छापलेला असतो.

देरावाला_देशमुख

दुबईहून लिहितोय. चित्राचं सगळ्यांनी सांगितलं, पण रिजन कोडचं कोणी बोललंच नाही आणि तुमची खरी अडचण तिथेच आहे.

अल्ट्रा एचडी डिस्कला रिजन नसतो. जगातली कुठलीही डिस्क जगातल्या कुठल्याही फोरके प्लेअरवर चालते. पण त्याच प्लेअरवर साध्या ब्लू-रे आणि डीव्हीडी लावायच्या तर त्यांना रिजनचं कुलूप असतं. भारत ब्लू-रेला 'सी' आणि डीव्हीडीला ५. अमेरिका 'ए' आणि १. आमच्याकडे 'बी' आणि २. न्यू जर्सीचा प्लेअर साताऱ्यात लावलात तर ५ नंबरची डीव्हीडी तो घेणार नाही. वर अमेरिकेतले प्लेअर पाल पद्धतीच्या (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीलाही बहुतेकदा नकार देतात. रिजन ० छापलेल्या आणि एनटीएससी (अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या) डिस्क चालतील, आपल्या हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी बऱ्याचदा तशाच असत. तेव्हा दादांच्या पेटीतली कव्हरं उलटून बघा. पृथ्वीच्या छोट्या चित्रात आकडा असतो.

दुसरं म्हणजे व्होल्टेज. तिकडे १२० व्होल्ट. प्लेअरच्या पाठीवर किंवा अडॅप्टरवर इनपुट काय लिहिलंय ते भावाला आधी वाचायला सांगा. १००-२४० असेल तर नुसती पिन बदलली की झालं. नुसतं १२० असेल तर इथे थेट लावला की धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच्या भानगडीत मी तरी पडणार नाही.

आणि अल्ट्रा एचडीच्या पाकिटात बरेचदा सोबत एक साधी ब्लू-रे येते, पडद्यामागच्या गोष्टी, मुलाखती तिच्यावरच असतात. तिला रिजन असू शकतो. सिनेमा लागेल, मुलाखती लागणार नाहीत, मग चिडू नका.

बघ्या_नंबर_एक

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा प्लेस्टेशन ५ घ्या की, मुलंही खूश.

देरावाला_देशमुख

आधीच घरात असेल तर जरूर वापरा, फोरके डिस्क नीट चालवतो. पण डिस्क ड्राइव्हवालाच हवा, डिजिटल एडिशनला खाचच नाही. एक्सबॉक्समध्येही सिरीज एक्सला (त्याची डिजिटल आवृत्ती सोडून) ड्राइव्ह आहे, सिरीज एसला नाही. आणि पीएस५ ब्लू-रेवरचं डॉल्बी व्हिजन देत नाही, ऑडिओ सीडी वाजवत नाही. नुसत्या सिनेमासाठी बजेटच्या दुप्पट पैसे घालायचं कारण दिसत नाही.

अनुताई_बदलापूर

नाटकांच्या व्हीसीडींबद्दल लिहिते, कारण आमच्याकडेही अशीच पेटी होती.

नव्या प्लेअरवर व्हीसीडी चालेल या भरवशावर राहू नका, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल तरच धरा. आणि चाललीच तरी व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, ते ५५ इंचांवर ताणलं की नटांचे चेहरे पुसट होणारच, मग प्लेअर कितीही भारी असो. त्यापेक्षा कॉम्प्युटरला डीव्हीडी ड्राइव्ह लावून व्हीसीडी उघडा. आत 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर दिसेल, त्यात 'डॅट' फाइल असते, तेच नाटक. ती कॉपी करून व्हीएलसीमध्ये (कॉम्प्युटरवरचा फुकट व्हिडिओ प्लेअर) उघडली की चालते. पहिला अंक एका डिस्कवर, दुसरा दुसऱ्या, अशी विभागणी असते, तेव्हा फाइलला लगेच नाव द्या, नाहीतर सगळ्यांची नावं सारखीच असतात आणि कुठला अंक कुठल्या नाटकाचा याचा पत्ता लागत नाही.

हे काम लवकर करा. उजेडाकडे धरून बघा, वरच्या छापील थरात टाचणीएवढी भोकं दिसली तर ती डिस्क आधी घ्या. माहिती त्या वरच्या थराला लागूनच असते, खालच्या बाजूचे ओरखडे त्यामानाने परवडले. पुसायचं ते मधून बाहेर सरळ रेषेत, गोल गोल नाही.

आणि दादांचा जुना डीव्हीडी प्लेअर चालू असेल तर तो काढू नका. त्यांना रिमोटची बटणं पाठ असतील.

कुलाबा_टॉकीज

+१. जुना डीव्हीडी प्लेअर राहू द्या. एकाच यंत्राकडून सगळं करून घ्यायच्या हट्टापायीच बजेट फुगतं.

सातारी_कंदी

बाप रे, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. अनुताई, जुना प्लेअर चालू आहे आणि खरंच दादा त्याला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. कव्हरं बघितली. इंग्रजी सिनेमांवर ५, हिंदीवर बहुतेक ०, नाटकांच्या डीव्हीडींवर काहीच छापलेलं नाही. म्हणजे पेटी जुन्या यंत्रावर, नवा प्लेअर फक्त माझ्यासाठी, असं ठरवतोय.

दोन शंका. जुना-वापरलेला घेतला तर? पुण्यात तपकीर गल्लीत एकाकडे एक्स७०० आहे म्हणे. आणि साउंडबार कुठे जोडायचा, टीव्हीला की प्लेअरला?

पडदानशीन

वापरलेला घ्यायला हरकत नाही, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. अल्ट्रा एचडी डिस्क ५०, ६६ आणि १०० जीबीच्या असतात. १०० वाल्या तीन थरांच्या, आणि दमलेलं लेझर तिथेच अडखळतं. एखादी लांबलचक सिनेमाची १०० जीबीची डिस्क मिळवून घेऊन जा, सुरुवात बघत बसू नका. शेवटच्या पाऊण तासात जा, मागेपुढे उड्या मारा, दहा मिनिटं सलग चालू द्या. चित्र गोठलं किंवा आतून करकर आली तर नमस्कार करून बाहेर पडा. दुकानदार डीव्हीडी लावून "बघा, चालतोय" म्हणेल, पण डीव्हीडी वाचणारं लेझर वेगळं असतं, त्यावरून काही कळत नाही.

साउंडबारच्या पाठीमागे 'एचडीएमआय इन' आहे का बघा. एक्स७०० ला दोन एचडीएमआय आउट आहेत, दुसरा फक्त आवाजासाठी. एक टीव्हीला, एक साउंडबारला. 'इन' नसेल तर प्लेअर टीव्हीला आणि तिथून ईआर्कने (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरूनच साउंडबारला पाठवणारी सोय) साउंडबार. साध्या एआरसीवर (तिची जुनी आवृत्ती) डिस्कचा मूळ दर्जाचा पूर्ण आवाज जात नाही, ईआर्कवर जातो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'बीडी ऑडिओ मिक्स' बंद करा, नाहीतर अ‍ॅटमॉसचा दिवा पेटतच नाही आणि माणसं साउंडबारवाल्याला शिव्या घालतात.

सातारी_कंदी

समजलं. मग भावाला प्लेअरचं सांगत नाही, त्याच वजनात डिस्क आणायला सांगतो. रविवारी पुण्याला जातोय. १०० जीबीची डिस्क मात्र कोणाकडून तरी मिळवायला हवी.

कुलाबा_टॉकीज

भावाला नीट बजावा: फोरकेच्या काळ्या डब्या हव्यात, निळ्या नाहीत. निळ्या म्हणजे साध्या ब्लू-रे, आणि भारतातल्या प्लेअरवर 'ए' रिजनच्या त्या लागणार नाहीत. क्रायटेरियनच्या (अभिजात सिनेमांच्या डिस्क काढणारी अमेरिकी कंपनी) साध्या ब्लू-रे तिकडे सेलमध्ये बघून त्याला मोह होईल, पण त्याही 'ए'च्याच. एक फोरके डिस्क आपल्या पैशांत दोन-तीन हजारांच्या घरात जाते, म्हणून पहिल्या खेपेला मोजक्याच मागवा.

देरावाला_देशमुख

१०० जीबीची माझ्याकडे पुण्यातल्या घरी आहे, कोथरूडला. मेहुण्याला सांगून ठेवतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणि घरी जोडल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टचा सिग्नल फॉरमॅट 'एन्हान्स्ड' करा. सोनीत तेच नाव आहे, सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'डीप कलर'. ते केलं नाही तर प्लेअर एचडीआर पाठवतच नाही. प्लेअरमध्ये २४पी (सेकंदाला २४ चित्रं, सिनेमाचा मूळ वेग) चालू, टीव्हीत मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद. केबल १८ जीबीपीएसची प्रमाणित, दोन मीटरच्या आत. हजारोंच्या केबली विकायला बसलेल्यांकडे लक्ष देऊ नका.

सातारी_कंदी

व्यनि केलाय.