कीमनला एकट्याला रुळावर पाठवणं थांबायला हवं: तुमचं मत काय?

रुळाकाठचा
कीमन म्हणजे आपल्या बीटमधला, म्हणजे ठरलेल्या टप्प्यातला, रूळ चालत तपासणारा आणि रूळ धरून ठेवणाऱ्या ढिल्या क्लिपा ठोकणारा कामगार. 13 फेब्रुवारी 2023 च्या पहाटे लासलगाव-उगाव दरम्यान चार गँगमन (रूळदुरुस्तीचे कामगार) कामावर होते. उलट दिशेनं आलेल्या टॉवर वॅगननं चौघांचाही जीव घेतला. ओव्हरहेड वायरच्या दुरुस्तीची गाडी, म्हणजे रेल्वेची स्वतःचीच. पुढच्या जानेवारीत वसई रोड-नायगाव दरम्यान रात्री सिग्नलचा बिघाड काढायला गेलेले तिघे लोकलखाली सापडले. रेल्वे सुरक्षेचा आढावा घेणाऱ्या काकोडकर समितीनं 2012 मध्येच लिहून ठेवलं होतं की आधीच्या चार वर्षांत सुमारे 1600 रेल्वे कर्मचारी ड्युटीवर असताना गेले. सगळेच रुळावर गेले असं नाही, तरी आकडा झोप उडवणारा आहे.

माझं म्हणणं साधं आहे. चालू लाइनवर हातोडा चालवायचा तर ब्लॉक हवा, म्हणजे तेवढा वेळ त्या रुळावर गाड्या बंद. आणि नुसत्या तपासणीलाही कीमनबरोबर दुसरा माणूस हवा, ज्याच्या हातात झेंडी आणि शिट्टी यापलीकडे काहीही नसेल.

जुना कंट्रोलर
तळमळ पटते, उपाय पटत नाही. सेक्शन कंट्रोलर म्हणून, म्हणजे कुठली गाडी कधी सोडायची ते ठरवत, माझी सगळी नोकरी बोर्डासमोर गेली. इंजिनिअरिंगवाले दोन तास मागायचे, मी रडतखडत सव्वा तास द्यायचो आणि तरी गाड्या लेट का म्हणून वरून फोन यायचा. कीमनला बीटवर किती ठिकाणी ढिली क्लिप सापडते! प्रत्येक क्लिपला ब्लॉक द्यायचा तर गाड्या चालवायच्या कधी? त्यापेक्षा ‘रक्षक’सारखं यंत्र प्रत्येकाच्या अंगावर द्या. स्टेशनातून गाडी सुटली की बझर वाजतो, दिवा लागतो, यंत्र थरथरतं. माणूस बाजूला होतो.

निवृत्त लोको पायलट
केबिनमधून काय दिसतं ते सांगतो. ताशी 130 च्या वेगात गाडी सेकंदाला 36 मीटर जाते. सहाशे मीटरवर दिसलेला माणूस सतरा सेकंदांत इंजिनापाशी येतो. ब्रेक लावून तिथं थांबणं अशक्य, म्हणून हातात उरतो फक्त हॉर्न. समोरच्यानं हात वर केला की जीव भांड्यात पडतो. हात वर होईपर्यंतचे ते दोनतीन सेकंद मला आजही स्वप्नात येतात.

सर्वात घातक म्हणजे डबल लाइन: शेजारी दोन रूळ, एका दिशेला अप, दुसऱ्या दिशेला डाउन. अपच्या मालगाडीला वाट द्यायला माणूस डाउनच्या रुळावर जाऊन उभा राहतो, आणि मालगाडीच्या खडखडाटात मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न बुडून जातो.

कीमनची मुलगी
कंट्रोलरकाका, तुमच्या बझरबद्दल बोलते. बाबा आयुष्यभर कीमन होते. घरात टीव्हीचा आवाज इतका मोठा असायचा की शेजारी दार वाजवायचे. लोखंडावर लोखंड आपटून उजवा कान जवळजवळ गेलेला. तपासणीत डीकॅट होऊ, म्हणजे या कामाला अनफिट ठरू, हलक्या कामावर टाकतील, या भीतीनं त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. अशा माणसाला बझर ऐकू येईल का? थरथर म्हणाल, तर हातोडा मारताना खांद्यापर्यंत सगळंच थरथरतं. मी लहानपणी तो हातोडा धरून पाहिलाय.

जुना कंट्रोलर
ताई, हे मला माहीत नव्हतं. कंट्रोलमध्ये बसून असलं काही कळत नाही, हे कबूल. तरीही विचारतो, दुसरा माणूस आणायचा कुठून? जागा रिकाम्या पडल्यात. आणि माणूसही चुकतोच. शेवटी त्याचं लक्षसुद्धा हातोड्याकडेच जातं.

रुळाकाठचा
जाईल, जर त्यालाही पाना धरायला लावला तर. 3 जुलै 2019 ला वेल्समध्ये मार्गम इथं दोन कामगार गाडीखाली गेले. तिघं काम करत होते, कानाला संरक्षक लावलेले, एकाच्या हातात कर्कश यंत्र आणि गाडीकडे बघायला नेमलेला कुणीच नाही. त्यानंतर ब्रिटनच्या नेटवर्क रेलनं, नुसत्या माणसाच्या नजरेवर विसंबून चालू रुळावर काम करणं जवळपास बंदच केलं.

जुना कंट्रोलर
म्हणजे तुमचाच दाखला तुमच्या दुसऱ्या माणसाच्या विरोधात जातो!

रुळाकाठचा
नुसत्या माणसावर भागत नाही, हे मान्य. पण ब्लॉकच्या बाजूनं जातो की नाही? मला दोन तास नकोत. क्लिप ठोकायला दहा मिनिटं द्या. कीमननं स्टेशनला फोन करायचा, मास्तरनं गाडी रोखून परवानगीचा नंबर द्यायचा आणि काम झालं की तो परत घ्यायचा. दिवसात तीनचार वेळा. तेवढ्यानं वेळापत्रक कोसळत असेल, तर ते वेळापत्रकच माणसाच्या जिवावर आखलेलं आहे.

निवृत्त लोको पायलट
मी चालवत असतो तर सिग्नलला दहा मिनिटं आनंदानं उभा राहिलो असतो.

जुना कंट्रोलर
दहा मिनिटं निघतील, गर्दीच्या तासांत नाही, पण निघतील. मात्र मी अप लाइन बंद करून दिली तरी डाउनवरून गाडी येणारच, आणि लोको पायलट साहेबांनी सांगितलेला प्रकार तिथंच घडतो. म्हणजे डबल लाइनवर झेंडीवाला लागेलच, माझा विरोध मागे घेतो. फक्त यंत्र कीमनऐवजी त्याच्या अंगावर द्या. तो हातोडा मारत नसेल, त्याला थरथर कळेल.