पुण्याच्या एसीसाठी माडबन कशाला?

राजापूरकर (मुक्काम धायरी)

काल इथे एकाने लिहिलं: "सौरऊर्जा हे हौशी लोकांचं खेळणं आहे. पुण्या-मुंबईला चोवीस तास वीज हवी असेल तर जैतापूर व्हायलाच हवं. कोकणातले विरोधक स्वतःच्याच पोरांच्या भविष्यावर धोंडा घालतायत." त्याला शंभरावर लाइक्स आहेत. म्हणून सविस्तर लिहितोय. जैतापूर म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळ पठारावर, ठरलेला सहा भट्ट्यांचा अणुवीज प्रकल्प.

माझं आजोळ तिथलंच, नाटे गावाजवळ. मामाची होडी आजही साखरी नाटे गावाच्या खाडीतून बाहेर पडते. 2010 च्या डिसेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष भारतात आले, करार झाला, तेव्हा आमच्या घरी कोणी पेढे वाटले नाहीत. 938 हेक्टर जमीन घेतली गेली. कित्येकांनी चेक घ्यायलाच नकार दिला. 11 मार्च 2011 ला जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला आणि सव्वा महिन्यात, 18 एप्रिलला, नाटे गावात पोलिसांच्या गोळीबारात आमचा एक माणूस गेला. ज्यांना हे नुसतं "विरोधक" वाटतात त्यांनी त्या आठवड्यात तिथली स्वयंपाकघरं बघायला हवी होती. चुली पेटल्या नव्हत्या.

आता भावना बाजूला ठेवू, कारण "भावनिक" म्हटलं की आमचं सगळं बोलणं बाद करता येतं. जैतापूरला जी ईपीआर नावाची फ्रेंच अणुभट्टी बसवायची आहे तिचा इतिहास बघा. फिनलंडमधल्या ओल्किलुओटोचं काम 2005 ला सुरू झालं, 2009 चा वायदा होता, नियमित वीज मिळाली 2023 ला. फ्रान्समध्ये, म्हणजे तिच्या माहेरी, फ्लामानव्हिलचं काम 2007 ला सुरू झालं, ग्रिडला जोडणी झाली डिसेंबर 2024 मध्ये. खर्च 3.3 अब्ज युरोंवरून 13 अब्जांच्या वर गेला. फ्रेंचांना स्वतःच्या घरात जे जमलं नाही ते माडबनच्या सड्यावर सहा वेळा जमेल, हे कशाच्या आधारावर?

दुसरीकडे जानेवारी 2025 मध्ये देशाची सौर क्षमता 1 लाख मेगावॉट ओलांडून गेली. 2014 मध्ये ती 3 हजारसुद्धा नव्हती. तारापूरचं अणुकेंद्र 1969 पासून चालू आहे, आणि तेव्हापासून अणुवीज 9 हजार मेगावॉटपर्यंतही पोचली नव्हती. यातलं खेळणं कोणतं?

आणि एन्रॉन विसरलात का? दाभोळला हेच सांगितलं होतं, परदेशी तंत्रज्ञान, अखंड वीज. 2001 ला प्रकल्प बंद पडला. त्या महाग विजेने वीज मंडळाचं कंबरडं मोडलं, ते आपण सगळ्यांनी बिलातून भरलं.

निवृत्त अभियंता

राजापूरकर, गोळीबाराबद्दल तुमच्या दुःखाचा आदर आहे. पण तुमचे आकडे अर्धवट आहेत आणि ते तुम्हालाही ठाऊक असावं.

क्षमता आणि निर्मिती यात फरक असतो. सौर पॅनल वर्षभराची सरासरी धरली तर क्षमतेच्या पाचव्या हिश्शाइतकी वीज देतं. अणुभट्टी 80 टक्क्यांच्या वर देते. मी कर्नाटकातल्या कैगा अणुकेंद्रात नोकरी केली आहे. तिथलं पहिलं युनिट 2018 मध्ये सलग 962 दिवस न थांबता चालण्याचा विक्रम करून थांबलं, आणि ती भट्टी आपल्या लोकांनी बांधलेली आहे. जैतापूरच्या 10 हजार मेगावॉटइतकी वीज सौरमधून काढायची तर 40 हजार मेगावॉट लागेल. मेगावॉटला 4 एकर धरले तरी 1 लाख 60 हजार एकर. तुमच्या 938 हेक्टरचे एकर होतात सुमारे 2300. आता सांगा, जमीन कोण जास्त खातं?

अणुवीज वाढली नाही याचं कारण तंत्रज्ञान नाही. 1974 च्या पोखरणनंतर जगाने आपल्याला इंधन आणि सुटे भाग नाकारले, ते 2008 पर्यंत. तेवढ्या बंदीत जे उभं राहिलं त्याला नावं ठेवताना थोडा विचार करा.

जर्मनीने एप्रिल 2023 मध्ये शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या. त्यांच्या कोळशाच्या भट्ट्या तेव्हा चालूच होत्या. कार्बनची काळजी असलेल्या माणसाने याला प्रगती म्हणू नये.

मुळशीचा

दोघेही एकरांत मोजताय म्हणून मध्ये बोलतो.

माझ्या पणजोबांचं भातखाचर मुळशी धरणाच्या पाण्याखाली आहे. "स्वच्छ वीज" तेव्हाही होती. कोळसा नको, धूर नको, मुंबईच्या गिरण्या पाण्यावर चालतील, असंच सांगितलं होतं. 1921 ला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, 1924 पर्यंत लढा चालला, आणि धरण झालंच. जलविद्युत सुद्धा नवीकरणीयच ना? आजही धरणाच्या मागच्या अंगाला अशा वाड्या आहेत जिथे मे महिन्यात बाया डोक्यावर पाणी आणतात, समोर धरण भरलेलं दिसत असताना.

तेव्हा अणू विरुद्ध सूर्य हे भांडण शहरातल्यांचं आहे. आमच्यासाठी प्रश्न एकच, वीज कुणाची आणि जमीन कुणाची.

कोथरूडकर

मुळशीचा विषय निघालाच आहे तर बोलूच. मुळशी, ठोकरवाडी, वळवण वगैरे सहा धरणांचं सुमारे 42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी घाट उतरवून पश्चिमेला सोडतात. आपल्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची मिळून क्षमता 29 टीएमसी आहे. पुणेकर गुरुवारी नळ कोरडा बघतो आणि इथलं पाणी वीज करून समुद्राला मिळतं! सौर आली तर ही जलविद्युत लागणार नाही, ते पाणी पुण्याला वळवा. मी सौरच्या बाजूने आहे ते याच कारणासाठी.

मुळशीचा

पुण्याला वळवा? वाह. शंभर वर्षांपूर्वी मुंबईसाठी बुडालो, आता कोथरूडसाठी. पहिला हक्क काठावरच्या गावांचा, नंतर भीमेच्या खाली उजनीपर्यंतच्या लोकांचा. तुमच्या टँकरवाल्यांचा नंबर त्याच्यानंतर.

कोथरूडकर

टँकरवाल्यांशी माझा काय संबंध? मी साधा सदनिकाधारक आहे. पुण्याला दोष देणं सोपं आहे, पण तुमच्या तालुक्यातली पोरं शिकायला, नोकरीला इथेच येतात. ती इथलंच पाणी पितात.

मुळशीचा

पितात, कारण गावात शेत राहिलं नाही. हे तुम्हाला अजून समजत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

जुन्नरची वाट

भावांनो, जरा शेतकऱ्याचंही ऐका. आमच्याकडं थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. उसाला रात्री दारं धरायला जायचं म्हणजे एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि गळ्यात मफलर घट्ट गुंडाळलेला. मफलर थंडीसाठी नाही, बिबट्या मानेला धरतो म्हणून. माझ्या चुलतभावाने बांधावर बिबट्या बघितला तेव्हा त्याच्या आणि जनावराच्या मध्ये एक सरी होती. त्यानंतर त्याने ऊस काढून टाकला.

आम्हाला अणू आणि फ्रान्स कळत नाही असं समजू नका, कळतं. पण आमची मागणी दिवसा वीज ही आहे, आणि दिवसा वीज सूर्य देतो. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत पॅनलसाठी दिलेल्या पडीक जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वर्षाला भाडं देतात. जमीन विकावी लागत नाही, सातबारा आपल्याच नावावर राहतो. अभियंता साहेब, तुमच्या 1 लाख 60 हजार एकरांत हा फरक कुठे धरलाय?

राजापूरकर

जुन्नरच्या दादांनी माझ्या दहा परिच्छेदांचं काम एका मफलरात केलं.

अभियंता साहेब, एकराला एकर लावून हिशोब होत नाही. सौरचे एकर एका गावात नसतात. गायरान, पडीक माळ, कालव्याचा काठ, गोदामाचं छप्पर असे ते विखुरतात. एक प्रकल्प चुकला तर एक माळ चुकतो, तोही भाडं संपलं की परत मिळतो. आमचा सडा, आमची खाडी एकदा गेली की गेली. भट्टीतून बाहेर पडणारं गरम पाणी ज्या समुद्रात जाणार त्यातच मामा जाळं टाकतो. वापरलेलं इंधन कुठे ठेवणार? तारापूरला काय केलं? तिथेच आवारात ठेवलं. तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवली, त्या लोकांना पुनर्वसनासाठी किती वर्षं भांडावं लागलं ते पालघरला जाऊन विचारा.

आणि नुकसानभरपाई? 2010 च्या अणुदायित्व कायद्यात अपघात झाला तर अणुकेंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी 1500 कोटींवर थांबवली होती. फुकुशिमाचा खर्च कुठे आणि 1500 कोटी कुठे! ज्यांना इतकी खात्री आहे त्यांनी जबाबदारीला मर्यादा का घालून घेतली?

निवृत्त अभियंता

दायित्वाची मर्यादा मलाही कमी वाटत आली आहे. एवढं मान्य करतो, यापुढे जाऊ नका.

पण संध्याकाळी सातचं काय? सूर्य मावळला की पुण्यातला प्रत्येक एसी, गीझर, इंडक्शन एकाच वेळी सुरू होतं. तुमच्या माळावरची पॅनलं तेव्हा झोपलेली असतात. आज ती वेळ कोळसा भागवतो. तुम्ही अणूला नाही म्हणता तेव्हा प्रत्यक्षात चंद्रपूरच्या राखेला हो म्हणता. ती राख ज्यांच्या अंगणात पडते तेही कुणाचे तरी मामा-मावशीच आहेत.

सोसायटीची सेक्रेटरी

2024 पासून केंद्राच्या सूर्यघर (गच्चीवरच्या सौर पॅनलच्या) योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला 18 हजार अनुदान मिळतं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यावर आमचं बिल इतकं येतं की मेंटेनन्स दरवर्षी वाढवावा लागतो. पण सर्वसाधारण सभेत विषय आला की वरच्या मजल्यावरचे म्हणतात गच्ची गळेल, एक गृहस्थ म्हणतात पापड वाळवायला जागा राहणार नाही, आणि ज्यांनी दोन एसी लावलेत ते म्हणतात आम्हाला काय फायदा. मी हा ठराव मांडून मांडून थकले. त्यातलेच काही जण इथे "जैतापूर झालंच पाहिजे" लिहितात. स्वतःची गच्ची द्यायची नाही आणि दुसऱ्याचा समुद्र मागायचा, याचा मला मनापासून संताप येतो.

कोथरूडकर

गच्ची खरंच गळते. आमच्याकडे ठेकेदाराने वॉटरप्रूफिंगला भोकं पाडली आणि फोन उचलणं बंद केलं. तुम्हाला अनुभव नाही म्हणून बोलताय.

सोसायटीची सेक्रेटरी

ठेकेदार वाईट निघाला हे गच्ची न देण्याचं कारण होत नाही. करारात गळतीची हमी लिहून घ्या, स्टँड न खोदता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवून घ्या. आणि छोट्या ठेकेदाराने फसवलं म्हणून चिडलेल्या माणसाने सहा परदेशी भट्ट्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा?

कोथरूडकर

भट्ट्यांच्या बाजूने मी कुठे बोललो? वर वाचा. मी मुळशीच्या पाण्याबद्दल बोलत होतो.

राजापूरकर

संध्याकाळी सातच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण तो प्रश्न खरा आहे. 2024 मध्ये सौर आणि बॅटरी एकत्र असलेल्या निविदा युनिटला साडेतीन रुपयांच्या आसपास आल्या. घाटघरला 250 मेगावॉटचं उदंचन केंद्र 2008 पासून आहे. दिवसा पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडायचं. सह्याद्रीसारखा कडा असताना आपण साठवणुकीसाठी रडावं का? मावळात शिरवत्याला 1800 मेगावॉटच्या अशाच केंद्राचा करार 2023 ला झाला आहे. जैतापूरचा करार त्याच्या तेरा वर्षं आधीचा, आणि अजून सड्यावर एक भट्टी उभी नाही. संध्याकाळी सातची घाई असेल तर कोणता रस्ता जवळचा?

मुळशीचा

शिरवत्याचं नाव घेतलंत म्हणून परत आलो. राजापूरकर, तुमच्या सड्यासाठी मी मोर्च्यात चालेन, शब्द देतो. पण सह्याद्रीचा कडा तुम्ही इतक्या सहज वाटून टाकू नका. वरचं तळं, खालचं तळं, बोगदा, रस्ता, टॉवरची लाईन, हे सगळं कुणाच्या तरी गावठाणातून जातं. माडबनला जो प्रश्न विचारता तोच मावळातही विचारा. ग्रामसभेचा ठराव झाला का? पुनर्वसनाचा कागद कुठे आहे? वाडीला त्या विजेतली किती मिळणार?

राजापूरकर

विचारेन. शिरवत्याच्या परिसरात ग्रामसभा कधी आहे ते कळवा, धायरीहून येतो.

निवृत्त अभियंता

साठवणुकीचा साडेतीन रुपयांचा दर दोन ते चार तासांच्या साठ्याचा आहे, पावसाळ्यातल्या आठ ढगाळ दिवसांचा नाही. त्यावर कुणी काही लिहिलेलं नाही.

जुन्नरची वाट

पावसाळ्यात उसाला पाणी लागत नाय साहेब. त्या दिवसांत आमची वीज तुम्ही घ्या.