संथ लॅपटॉपसाठी दुकानाच्या दुरुस्ती-सेवेला पैसे द्यावेत का?

अर्धविराम यांचा प्रश्न :

माझ्याकडे ६ वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप आहे. त्यात विंडोज १०, ८ जीबी रॅम आणि मिनिटाला ५४०० फेरे घेणारी १ टीबीची हार्ड डिस्क आहे. गेल्या चार-पाच महिन्यांपासून तो सुरू होऊन कामाला लागेपर्यंत आठ-दहा मिनिटे जातात आणि अलीकडे फोटोंचे फोल्डर उघडले की तो मध्येच मिनिटभर गोठून बसतो. ज्या मोठ्या दुकानातून तो घेतला तेथेच दुरुस्तीचा विभाग असल्याने मी तो तेथे दाखवला. काउंटरवरील कर्मचाऱ्याने एक प्रोग्रॅम चालवला, पडद्यावर लाल अक्षरांत बरेच काही उमटले आणि माझ्या हाती ५ कलमांचे कोटेशन आले : ट्यून-अप, व्हायरस काढणे, डेटाचा बॅकअप, विंडोज १० नव्याने टाकणे आणि वर्षभराची सुरक्षा-योजना. सगळ्याची बेरीज नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या एक-तृतीयांशाहून थोडी अधिक होते. तपासणीचे शुल्क मी भरलेले आहे. काम तेथेच करून घेतले तर ते बिलातून वजा होईल, अन्यथा बुडाले.

मला संगणक चांगला वापरता येतो, परंतु त्याचे झाकण उघडण्याचे धाडस मी कधी केलेले नाही. अशा सेवेसाठी पैसे मोजणे योग्य ठरते का, आणि ठरत असेल तर या ५ कलमांपैकी नेमके कशासाठी, हे जाणकारांनी सांगावे.

माजी_तंत्रज्ञ यांचे उत्तर :

अशाच एका काउंटरमागे मी काही वर्षे काम केलेले आहे, त्यामुळे कोटेशनची ही भाषा माझ्या परिचयाची आहे. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून पहिला संशय हार्ड डिस्कवर जायला हवा होता आणि ५ कलमांत नेमकी तीच नाही, याचे मला आश्चर्य वाटले नाही. काउंटरवरचा प्रोग्रॅम बहुधा विकण्यासारख्या गोष्टी शोधण्यासाठी बसवलेला असतो, आणि कर्मचाऱ्याला महिन्याचे जे लक्ष्य दिलेले असते ते दुरुस्त झालेल्या यंत्रांचे नसून विकलेल्या योजनांचे असते. त्या मुलाला दोष देऊ नका. तो समोर आलेला पडदा वाचून दाखवत होता.

ही केवळ माझी कुरकूर आहे असे वाटू नये म्हणून एक नोंदलेले प्रकरण सांगतो. अमेरिकेत ऑफिस डेपो या कंपनीच्या दुकानांत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची मोफत तपासणी होत असे. संगणक संथ झाला आहे का, सारख्या जाहिराती उघडतात का, असे ४ प्रश्न ग्राहकाला विचारले जात आणि त्यांपैकी एकाही चौकटीवर खूण केली की संगणकात घातक प्रोग्रॅमची लक्षणे आढळल्याचा निष्कर्ष येई. प्रत्यक्ष स्कॅनचा त्या निष्कर्षाशी संबंध नसे. तेथील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने केलेल्या या आरोपांनंतर २०१९ मध्ये तडजोड झाली, त्यात ऑफिस डेपोने २.५ कोटी डॉलर आणि प्रोग्रॅम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने १ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. तुमच्या दुकानात तसेच घडले असे मी म्हणत नाही, परंतु लाल अक्षरे हा पुरावा नव्हे, एवढे यावरून लक्षात यावे.

आता तुमच्या कलमांकडे वळतो. ट्यून-अप म्हणजे तात्पुरत्या फायली पुसणे आणि संगणकाबरोबर सुरू होणारे प्रोग्रॅम बंद करणे. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपच्या पानावर हे काम दहा मिनिटांत होते. व्हायरसचे म्हणाल, तर विंडोज नव्याने टाकताना डिस्क पूर्ण पुसली जाणार असेल तर त्याच कोटेशनमध्ये व्हायरस काढण्याचे वेगळे पैसे का, हा साधा प्रश्न तुम्ही त्यांना विचारावा. डिफेंडर हा संरक्षक प्रोग्रॅम विंडोज ८ पासून विंडोजबरोबरच येतो आणि घरगुती वापरासाठी तो पुरतो, त्यामुळे वार्षिक योजना मी तरी घेणार नाही. राहिले विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे, तेव्हा तेच पुन्हा टाकून घेण्यासाठी पैसे देणे म्हणजे गळके छप्पर शाकारण्याऐवजी नुसते रंगवून घेणे. तुमचा प्रोसेसर इंटेलच्या ८व्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल आणि टीपीएम २.० ही यंत्रातील सुरक्षा-सोय उपलब्ध असेल तर विंडोज ११ चालेल.

घरी एवढे करावे. यंत्र गोठल्यासारखे झाले की टास्क मॅनेजर उघडून पाहावे : डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि प्रोसेसरच्या रकान्यात पाच-दहा टक्के दिसत असतील तर अडथळा कोठे आहे ते उघड आहे. ५४०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला ९० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. विखुरलेल्या प्रत्येक लहान फाइलसाठी तिच्या वाचणाऱ्या काट्याला जागा बदलून फेरा येण्याची वाट पाहावी लागते, त्यामुळे अशी वाचने सेकंदाला शंभराच्याही आतच होतात, तर साधी एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली चिपांची डिस्क, तीच हजारोंनी करते. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवून डिस्क स्वतःविषयी काय नोंदवते आहे ते येथे कळवावे. तोपर्यंत चेकडिस्क (डिस्कमधील चुका शोधणे) किंवा डीफ्रॅगमेंट (विखुरलेल्या फायली पुन्हा सलग रचणे) यांतले काहीही चालवू नये. डिस्क खरोखरच दुबळी झाली असेल तर त्या श्रमानेच ती बसेल.

निरुपाय यांचे उत्तर :

माजी_तंत्रज्ञ यांचे विवेचन पटण्याजोगे असले तरी येथे नेहमी होते तसे झाले आहे, ते म्हणजे ज्याला येते त्याने ‘दहा मिनिटांत होते’ असे सांगून टाकले. माझे वय ६७ आहे आणि ती दहा मिनिटे माझ्यासाठी एक अख्खी दुपार असते. शिवाय दुपारअखेर जे झाले ते बरोबर झाले की नाही, हे सांगायला कोणी नसते. दुकानाला मी जे पैसे देतो त्यात हाताची मजुरी थोडी आणि जबाबदारीचा वाटा मोठा असतो : छापील पावती मिळते, बदललेल्या भागावर हमी मिळते, आणि आठवड्याने तीच तक्रार पुन्हा उद्भवली तर परत जाण्यासाठी एक पत्ता असतो. मागे ओळखीतल्या एका हुशार मुलाने माझ्या संगणकाला प्रेमाने ‘फॉरमॅट मारून’ दिले, त्यात हिशेबाची ३ वर्षांची फाइल गेली, आणि मोबदला घेतलेला नसल्याने त्याला बोलण्याचीही सोय राहिली नाही.

तेव्हा ही सेवा सरसकट निरर्थक म्हणता येणार नाही. चार्जिंगची पिन सैल होणे, बिजागरी तुटणे, पडदा फुटणे ही घरी करण्याची कामे नव्हेत. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल तर यंत्र ताबडतोब बंद करून, चार्जर काढून, जाणत्या माणसाकडेच न्यावे, कारण ती भोसकली गेल्यास पेट घेऊ शकते.

माजी_तंत्रज्ञ यांचे उत्तर :

निरुपाय यांचा आक्षेप मला मान्य आहे, आणि जबाबदारीचा मुद्दा मी आधीच मांडायला हवा होता. मात्र त्याला एक जोड देतो. मोठ्या दुकानांत बहुतेक वेळा सुट्या घटकांची दुरुस्ती होतच नाही, अख्खा भाग बदलला जातो. मदरबोर्डावरील एखादा लहान घटक जळाला असेल तर ते संपूर्ण बोर्डाची किंमत सांगतात आणि मग नवे यंत्रच घ्या असा सल्ला देतात. तोच बोर्ड चिप लेव्हलचे काम करणाऱ्या कारागिराकडे बऱ्याच कमी खर्चात जिवंत होण्याची शक्यता असते. हमीचा काळ चालू असेल तर अर्थातच या दोघांकडेही न जाता कंपनीच्या अधिकृत केंद्रात जावे. आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर दुकान, कारागीर आणि आपण स्वतः या तिघांनीही तिला हात लावू नये; ते काम धूळविरहित खोली असलेल्या डेटा-रिकव्हरी प्रयोगशाळेचे आहे आणि त्याचा खर्च वेगळ्याच पातळीवरचा असतो.

कुलूपकिल्ली यांचे उत्तर :

एक बाजू अद्याप कोणी मांडलेली नाही. दुरुस्तीला दिलेल्या यंत्राबरोबर आपण आपला पासवर्ड आणि त्यामागचे सारे घर देत असतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदी ठेवण्याची छुपी सोय केलेले लॅपटॉप १६ ठिकाणी दुरुस्तीला दिले होते. बिघाड मुद्दाम साधा निवडला होता, आवाजाचा ड्रायव्हर बंद केलेला, म्हणजे दुरुस्तीसाठी वैयक्तिक फायली उघडण्याची काहीच आवश्यकता नव्हती. तरीही किमान ६ ठिकाणी तंत्रज्ञांनी त्या उघडून पाहिल्या आणि २ ठिकाणी त्यांची बाहेर नक्कलही केली. काहींनी तर आपल्या मागच्या खुणा पुसण्याचीही काळजी घेतली होती.

म्हणून पासवर्ड मागितला की तो कशासाठी हवा आहे हे विचारावे. डिस्क किंवा बॅटरी बदलण्यासाठी तो लागत नाही. तपासण्यासाठी यंत्र सुरू करून पाहणे आवश्यकच असेल तर वेगळे रिकामे खाते तयार करून द्यावे, परंतु ते प्रशासक खाते असले तर त्यातून तुमचे फोल्डर उघडता येते, हे विसरू नये. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे जुनी डिस्क काढून घेऊनच यंत्र देणे. अर्थात ज्यांना झाकण उघडायचे नाही त्यांना तो उपयोगाचा नाही.

अर्धविराम यांचे उत्तर :

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले. गोठते त्या वेळी डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर ७ टक्के दिसतो. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळ्या रंगात ‘कॉशन’ असे येते. त्यातील ०५ या ओळीपुढे ६८ आणि सी५ या ओळीपुढे १० असे आकडे आहेत. प्रोसेसर इंटेलचा १०व्या पिढीचा आहे. हे वाईट आहे का?

माजी_तंत्रज्ञ यांचे उत्तर :

होय, आणि दिसते त्याहून थोडे अधिक. तो प्रोग्रॅम हे आकडे मुळात षोडशमान पद्धतीने, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजून, दाखवतो, म्हणजे तेथील ६८ हे आपले १०४ आणि १० हे आपले १६ होत. पहिली ओळ सांगते की डिस्कने १०४ खराब सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचे लहान कप्पे, बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले आहेत; दुसरी सांगते की आणखी १६ सेक्टर तिला वाचता येत नाहीत आणि त्यांचा निर्णय लागायचा आहे. फोटोंच्या फोल्डरपाशी यंत्र अडखळते ते बहुधा याचमुळे, कारण न वाचता येणारा सेक्टर डिस्क पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत राहते. दुकानाने ट्यून-अप आणि स्कॅन करून याच डिस्कवर पुन्हा विंडोज टाकले असते तर तुम्ही मरणपंथाला लागलेल्या डिस्कला ऐन आजारात ओझी वाहायला लावली असती, आणि तीन-चार महिन्यांत पुन्हा त्याच काउंटरवर उभ्या राहिला असता.

आधी फोटो आणि कागदपत्रे बाहेरील डिस्कवर घ्यावीत. जे अडते ते सोडून पुढे जावे आणि शेवटी त्याच्याकडे वळावे. त्यानंतर एसएसडी बसवून घ्यावी आणि तिच्यावर विंडोज ११ स्वच्छ टाकावे. अशा डिस्कवरून क्लोन करण्याच्या, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवण्याच्या, फंदात पडू नये. जुनी डिस्क परत मागून घ्यावी आणि निदान वर्षभर जपून ठेवावी. यंत्र देण्यापूर्वी डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरील डेटा कुलूपबंद ठेवण्याची सोय, चालू आहे का तेही पाहावे आणि असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, अन्यथा ती जुनी डिस्क पुढे दुसऱ्या यंत्राला जोडल्यावर उघडणार नाही. झाकण उघडायचे नसेल तर दुकानाकडून केवळ एसएसडीची किंमत, ती बसवण्याची मजुरी आणि भागावरील हमी, एवढेच लेखी मागावे. या एका कामासाठी त्यांना पैसे देण्यात मला काहीही गैर वाटत नाही.

अर्धविराम यांचे उत्तर :

दुकानात जाऊन आले. फक्त एसएसडी बसवण्याचे कोटेशन त्यांनी थोड्या नाखुशीने दिले आणि ते पहिल्याच्या चौथ्या हिश्शाएवढे आहे. तपासणीचे शुल्कही वजा करून मिळाले. सहीसाठी जो अर्ज पुढे आला त्यात ‘डेटा नष्ट झाल्यास दुकान जबाबदार राहणार नाही’ असे वाक्य आहे, आणि पहिल्या कोटेशनमध्ये बॅकअपचे स्वतंत्र पैसे लावले होते, तेव्हा निरुपाय यांनी म्हटलेली जबाबदारी कोठपर्यंत पोहोचते हे मी विचारून घेतले. बदललेल्या भागापर्यंत, असे उत्तर मिळाले. तेवढे मला पुरेसे आहे. नक्कल काल रात्री ११ वाजता सुरू केली होती, ती आज दुपारी संपली. ९ फोटो सोडून बाकी सर्व निघाले. यंत्र उद्या देणार आहे, पासवर्डाशिवाय.