पोटासाठी काय सोडलंत आणि काय परत ताटात आलं? (सोलापूरकरांचा अनुभव धागा)

कडकभाकरी
हल्ली ओळखीपाळखीत जो तो काहीतरी सोडून बसलाय. कुणी गहू, कुणी दूध, कुणी कांदा-लसूण. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला ‘हे नको, ते नको’ सांगणारे आता फक्त मधुमेहाचे राहिले नाहीत. पोट फुगणं, जेवल्या जेवल्या पळावं लागणं, दोन-दोन दिवस साफ न होणं, यासाठी ज्यांनी खरंच पथ्य करून बघितलं त्यांनी इथं लिहा. काय सोडलं, कुणाला विचारून सोडलं, किती फरक पडला, आणि मुख्य म्हणजे परत काय सुरू केलं. ‘अमुक काढा प्या’ छापाचे सल्ले नकोत. स्वतःवर किंवा घरच्यांवर गुदरलेलं सांगा.

पार्कचौक
मला आयबीएस आहे, म्हणजे आतडं हळवं असल्यानं पोट वारंवार बिघडतं. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, तरी ऑफिसला निघायच्या वेळेला पोटात कळ ठरलेली. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं आणि त्यांनी लो फॉडमॅप, म्हणजे पोटात आंबून गॅस करणाऱ्या ठरावीक साखरा कमी असलेला, आहार सुरू केला. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात यावर बरंच काम झालंय, नावही तिथल्याच संशोधकांनी 2005 मध्ये दिलेलं. गव्हातल्या आणि कांदा-लसणातल्या फ्रुक्टान नावाच्या साखरा, कडधान्यांतल्या काही साखरा, दुधातलं लॅक्टोज, मध-आंबा-सफरचंदातलं जास्तीचं फ्रुक्टोज, शुगर-फ्री गोळ्यांतलं सॉर्बिटॉल, असल्या गोष्टी लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. पुढं मोठ्या आतड्यात जीवाणू त्यावर ताव मारतात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं. ज्यांचं आतडं आधीच हळवं, त्यांना ते सोसत नाही.

यादी हातात पडल्यावर बायको म्हणाली, ‘म्हणजे सोलापुरात राहून कांदा नाही?’ इथल्या मार्केट यार्डात हंगामात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, आणि आमच्या घरात कांदा बंद! पण खरं सांगू का, जितकं अवघड वाटलं तितकं गेलं नाही, कारण भाकरी होती. ज्वारीत ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नाही आणि गव्हाच्या मानानं फ्रुक्टानही कमी. पुण्यातला माझा मित्र हेच पथ्य करताना महागडे ब्रेड शोधत फिरत होता, आणि मी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी खाऊन निवांत. कांद्याच्या जागी पातीचा फक्त हिरवा भाग वापरायचा, तो चालतो. लसणाची चव हवी असेल तर तेलात पाकळ्या तळून काढून टाकायच्या. फ्रुक्टान तेलात उतरत नाही, वास मात्र उतरतो. फोडणीत पाणी असेल तर ही युक्ती फसते, हे लक्षात ठेवा.

पोट शांत झाल्यावर एकेक गोष्ट परत आणायची. हा भाग लोक गाळतात आणि तोच खरा कामाचा आहे. आधी थोडी, मग जास्त, मग पोटभर, आणि मधे दुसरं काही नवीन नाही. मला दूध काहीच करत नाही असं निघालं, इतकी वर्षं उगीच चहाला दोष दिला. कांदा शिजवलेला थोडा चालतो. लसूण आणि गव्हाची पोळी एकाच जेवणात आली की मात्र संध्याकाळ गेली. एवढं कळलं, बाकी सगळं परत ताटात.

हातमाग
पार्कचौक, शेंगा चटणीचं काय केलं ते नाही सांगितलं बे! त्याशिवाय भाकरी कशी उतरलाली?

पार्कचौक
शेंगदाणे चालतात, मूठभर तरी. गोची लसणाची. घरी नुसतं तिखट, जिरं, मीठ घालून कुटतो, तेल सुटेपर्यंत. विकतच्या चटणीत लसूण असतोच असं धरून चाला.

अक्कलकोटरोड
माझ्या पुतणीचं सांगते. रक्त वाढत नव्हतं, लोहाच्या गोळ्या घेऊन घेऊन कंटाळली, उंचीही खुंटलेली. घरातल्या मोठ्यांनी ‘गहू बाधतो’ म्हणून परस्पर बंद करायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी थांबवलं, ते बरं केलं. सिलिॲकची (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी आणि आतड्याचा तुकडा काढून बघायचा असेल तर त्याआधी गहू खाल्लेला असावा लागतो. आधीच सोडला तर तपासणी खोटी चांगली येऊ शकते, मग परत काही आठवडे गहू खाऊन तपासायचं. तिची तपासणी सिलिॲकच निघाली.

आता हे ‘थोडं कमी करा’ प्रकरण नाही. जन्मभर गहू, रवा, मैदा, जव काही नाही, चिमूटभरसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, भाकरी आहेच की. आम्हीही तेच म्हणालो. पण गल्लीतल्या गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ आपली ज्वारी पडते, आणि दगडावर राहिलेला गहू आपल्या पिठात येतो. गिरणीवाला बिचारा म्हणायचा, ‘आधी तुमचंच दळतो ताई’, पण रोज सकाळी सहाला कोण जाणार? शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू घालायला घरातल्या सगळ्यांना बंदी. दुसरा धडा हिंगाचा. बाजारातल्या बऱ्याचशा हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबी उलटी करून वाचायची सवय लागली. वर्षाच्या आत पोरीच्या गालावर रंग आला.

हातमाग
आमचं काय पथ्य नाही. एमआयडीसीत रात्रपाळी, मागावर उभं राहायचं, पहाटे उपाशीपोटी तीन-चार कप चहा. पोट जळायचं. डॉक्टर म्हणाले डाएट-बिएट राहू दे, आधी जेवायची वेळ धर आणि चहा काहीतरी खाल्ल्यावरच पी. तेवढं केलं. बरंय.

जुळेसोलापूर
आमच्या सासूबाई दर चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं सोडतात. आणि दर चातुर्मासात त्यांचं पोट सुधारतं. हे आम्ही सगळे पुण्याईच्या खात्यात टाकत होतो. गंमत म्हणजे दिवाळीनंतर वांग्याच्या भरितानं पोट बिघडलं की ‘वांगं वातूळ’ म्हणून शिव्या वांग्याला. मला वरची यादी वाचून वाटतं, वांगं बिचारं निर्दोष, त्यातला कच्चा कांदा आणि लसूण बघायला हवा. आता कार्तिकीनंतर एकदा नुसतं वांगं भाजून घालते त्यांना. अर्थात हे त्यांना न सांगता करणार, नाहीतर पोट आधीच दुखायला लागेल.

आहारशास्त्राची_विद्यार्थिनी
शिकाऊ म्हणून वर्षभर बाह्यरुग्ण विभागात बसले, तिथलं पाहिलेलं लिहिते. पथ्य चुकीचं लागू पडलं म्हणून आलेले कमी. पथ्य थांबवता येत नाही म्हणून आलेले जास्त. लो फॉडमॅपचा पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा, त्यापुढं तो ओढायचा नाही. कारण आपण ज्या साखरा बंद करतो त्यांवरच मोठ्या आतड्यातले चांगले जीवाणू जगतात. जास्त काळ बंद ठेवलं तर बिफिडो जातीचे जीवाणू कमी होतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हणजे पोट सुधारायला निघालो आणि तिथली रहिवासी वस्तीच उठवली.

एक बाई आठवतात, वय साधारण पन्नास. गहू सोडला, मग दूध, मग डाळ, मग फळं. दर वेळी दोन आठवडे बरं वाटायचं, परत त्रास, की अजून एक गोष्ट बंद. शेवटी भात आणि दुधी एवढंच उरलं, वजन उतरलं, कुणाकडं जेवायला जायची धास्ती. त्यांना यादी कमी करायला नाही, वाढवायला सांगितलं. डाळ भिजवून पाणी फेकून शिजवायची, तुरीऐवजी आधी मूग, दह्यापेक्षा आधी पातळ ताक. ताकात लॅक्टोज दुधापेक्षा कमी असतं, बऱ्याच जणांना सोसतं.

आणि हे कळकळीनं: शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यातलं काहीही असेल तर पथ्य नंतर, आधी डॉक्टर.

विजापूरवेस
आमच्या मोहल्ल्यात मटणाशिवाय दावत नाही आणि मटण कांद्याशिवाय नाही. मी दावतीत रस्सा सोडून नुसते मटणाचे तुकडे आणि भात घेतो. मांसात फॉडमॅप नसतं, मसाल्यात असतं. चाची आधी रुसली होती, आता माझं वेगळं काढून ठेवते.

कडकभाकरी
सगळ्यांचे आभार, धागा इतका चालेल वाटलं नव्हतं. विद्यार्थिनी, एक शंका. थंडीत मोहोळकडे हुरड्याला जातो आम्ही. हुरडा चालतो का पोटाला?

आहारशास्त्राची_विद्यार्थिनी
कोवळ्या दाण्यांचा पक्का आकडा माझ्याकडे नाही. वाटीभर खाऊन दुसऱ्या दिवशी बघा. पण हुरड्याच्या पार्टीत लोक हुरडा दोन मुठी खातात आणि लसणाची चटणी, दही, गूळ, रेवड्या, वर ऊस चार मुठी. पोट बिघडलं तर नाव हुरड्याचं घेऊ नका.

हातमाग
ऊस तेवढा सोडणार नाही. बाकी काय सोडायचं ते ठरवून सांगा, मी पण येलालो.