मदत हवी आहे: प्राइम९५ ब्लेंडमध्ये राउंडिंग एरर येते, मेमटेस्ट मात्र क्लीन. दोष नक्की कशाचा?

मंडळी, चार दिवस झाले यातच अडकलेय, आता पुढे काय करायचं ते सुचत नाहीये म्हणून इथे विचारतेय. पोस्ट मोठी झालीय पण सगळं एकदाच सांगते. (प्राइम९५ म्हणजे मशीनवर ताण देऊन तपासणारा प्रोग्रॅम, ब्लेंड ही त्यातली रॅमवरही ताण देणारी टेस्ट, आणि मेमटेस्ट फक्त रॅम तपासतो.)

मशीन सहा कोर बारा थ्रेडचं, प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला नाही, विंडोज १०. रॅम डीडीआर४, ८ जीबीच्या चार स्टिक, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) ऑन म्हणजे ३६०० वर चालतात. आधी दोनच होत्या, दोन महिन्यांपूर्वी अगदी त्याच मॉडेलच्या अजून दोन घेऊन बसवल्या.

आज्जीच्या हस्ताक्षरातल्या वह्या स्कॅन करून झिप करून ठेवायचं काम चाललंय. मागच्या आठवड्यात सहज एक झिप उघडायला गेले तर सीआरसी एरर, म्हणजे फाइलचा चेकसम जुळत नाही, आतला डेटा बिघडलाय. दुसरी उघडली, तीही तशीच. हार्डडिस्क गेली असं वाटलं पण डिस्कच्या तब्येतीचा स्मार्ट रिपोर्ट चांगला आहे, दुसऱ्या डिस्कवर झिप करून पाहिलं तरी सातआठ झिपमागे एक बिघडतेच. मधे दोनदा ब्राउझर आपोआप बंद झाला, एरर कोड ०xc०००००५ नाही तर तसाच काहीतरी, तेव्हा मी ते सॉफ्टवेअरवर ढकललं, रीइन्स्टॉल केलं, विंडोजच्या फाइल तपासणारा एसएफसी स्कॅन केला, काही निघालं नाही.

मग प्राइम९५ लावलं. त्यातली स्मॉल एफएफटी टेस्ट तीन तास, एकही एरर नाही, टेंपरेचर ८२ च्या वर गेलं नाही. ब्लेंड लावलं तर चाळीसएक मिनिटांनी तिसऱ्या वर्करच्या (दर कोरवर एक वर्कर चालतो) खिडकीत आलं, 'फेटल एरर, राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४' आणि त्याच्याखाली 'हार्डवेअर फेल्युअर डिटेक्टेड'. तो वर्कर थांबला, बाकीचे पाच चालूच, त्यांच्या खिडक्यांत पास्ड पास्ड येतंय. परत लावलं तर या वेळी पहिला वर्कर पडला. रात्रभर मेमटेस्ट८६ चालवला, चारही पास क्लीन. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीयाची (WHEA, विंडोजची हार्डवेअर एरर नोंदवणारी यंत्रणा) एकही नोंद नाही.

आता मला हे कळत नाहीये की मेमटेस्ट क्लीन असेल तर रॅम चांगली समजायची ना? मग प्राइम९५ चीच काही गडबड आहे का, जुनं व्हर्जन वगैरे? आणि ०.५ म्हणजे नक्की काय? प्लीज कोणीतरी सांगा, अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाहीये.

प्रतिसाद १
प्राइम९५ वर संशय घेऊ नका, ते बरोबर सांगतंय. ते प्रचंड मोठ्या आकड्यांचे गुणाकार फ्लोटिंग पॉइंटमध्ये (दशांश आकड्यांत) एफएफटी नावाच्या झटपट पद्धतीने करतं, उत्तर मात्र पूर्णांकच यायला हवं. त्यामुळे शेवटी जवळच्या पूर्णांकाला राउंड करताना फरक अगदी थोडा असायला हवा. फरक ०.५ आला म्हणजे आकडा बरोब्बर दोन पूर्णांकांच्या मधोमध, इकडे धरायचा की तिकडे हे ठरवताच येत नाही, म्हणजे मधे कुठेतरी गणित बिघडलं.

दुसरं म्हणजे वर्कर नंबर लिहून ठेवा. दर वेळी तोच वर्कर पडत असेल तर तो कोर कमजोर. तुमच्याकडे एकदा तिसरा एकदा पहिला, आणि स्मॉल एफएफटी पास, जी जवळपास सगळी कॅशमध्येच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीतच चालते. याचा रोख रॅम किंवा मेमरी कंट्रोलरकडे (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) आहे. इव्हेंट व्ह्यूअर रिकामा आहे यावर जाऊ नका, रॅम ईसीसी (चुका पकडणारी) नसेल तर बिट फिरलेला मशीनला कळतच नाही, नोंद कुठून होणार. आणि मेमटेस्ट विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, तेव्हा प्रोसेसरवर एवढा लोड नसतो, केसमध्ये ब्लेंडएवढी उष्णताही नसते. मेमटेस्टला एरर आली तर दोष नक्की, नाही आली तर दोष नाही असं म्हणता येत नाही.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकच, डीडीआर४ चं स्टँडर्ड ३२०० ला संपतं. त्यात चार स्टिक, त्याही दोन वेगवेगळ्या किटच्या. मॉडेल एक असलं तरी किट एकत्र टेस्ट करून विकतात, दोन किट एकमेकांशी जुळतीलच असं नाही. आधी जुन्या दोन, मग नव्या दोन, मग चारही ३२०० वर, असं एकेक करून ब्लेंड चालवा. एका वेळी एकच गोष्ट बदला हे मात्र पाळा.

अपडेट (धागाकर्ती)
दोघांचेही मनापासून आभार, सांगितलं तसंच केलं. जुन्या दोन ३६०० वर सहा तास क्लीन. नव्या दोन त्याच स्लॉटमध्ये सहा तास क्लीन. चारही ३६०० वर, पंचवीस मिनिटांत पाचवा वर्कर पडला, थोड्या वेळाने दुसरा. चारही ३२०० वर रात्रभर, नऊ तास, सहाही वर्कर चालू. म्हणजे एकही स्टिक खराब नाही, चौघी मिळून ३६०० झेपत नाहीये. कंट्रोलरचं व्होल्टेज थोडं वाढवून बघ असं एकाने कळवलंय पण मी ते करणार नाहीये, या कामात मला वेग नकोय, खात्री हवीय. ३२०० वरच ठेवतेय. त्यानंतर चाळीस झिप केल्या, सगळ्या टेस्ट करून पाहिल्या, एकही बिघडली नाही.

आता खरी काळजी वेगळीच आहे. झिपला सीआरसी असतो म्हणून कळलं तरी, पण मूळ स्कॅन टिफ या इमेज फॉरमॅटमध्ये आहेत, त्यात असा चेकसम नाही. काल एक पान उघडलं तर मधेच दोन बोटं रुंदीची रंगीबेरंगी पट्टी, वरच्या आणि खालच्या ओळी स्वच्छ. टिफमध्ये चित्र पट्ट्यापट्ट्यांनी साठवलेलं असतं आणि माझ्या फाइलना एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन आहे त्यामुळे एक बिट फिरला तरी ती अख्खी पट्टी गेली असणार. नव्या स्टिक बसवल्याच्या तारखेनंतरच्या फाइल वेगळ्या काढल्यात, अकराशेच्या वर आहेत. परत स्कॅन करायला हरकत नव्हती पण काही पानं इतकी जीर्ण आहेत की पहिल्याच वेळी कडा तुटल्या, त्यांना परत हात लावायचा धीर होत नाही.

तर एवढ्या टिफमधून बिघडलेल्या शोधायला डीकोड करून एरर देणारं काही टूल कोणी वापरलंय का, आणि एरर न देता नुसतेच चारदोन पिक्सेल बदलले असतील तर ते पकडायचा काही मार्ग आहे का? तोवर मी एकेक उघडून डोळ्यांनी बघतेय, आज दोनशेपर्यंत झाल्या, अजून दोन सापडल्या.