एचबीए१सी ७.१ आणि अ‍ॅडमिट करताना शुगर ३१८, कुठला आकडा खरा?

नंदगडची_सून:
आमच्या सासऱ्यांना (आप्पांना) बारा वर्षं झाली शुगर आहे, वय ६६. गेल्या आठवड्यात भर पावसात शेताकडं गेले आणि सर्दी ताप धरला, दोन दिवस काढा नि तापाच्या गोळीवर काढले, तिसऱ्या दिवशी धाप लागली, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ९० म्हणून रात्रीच गाडी करून बेळगावला आणलं. स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा निघालाय. पण आल्या आल्या शुगर ३१८! जूनमध्ये एचबीए१सी ७.१ होती, छान आहे म्हणाले होते डॉक्टर. आता दीर म्हणतात मशीन चुकीचं, नणंद म्हणते मीच कुंदा (आमच्याकडची खव्याची मिठाई) खायला दिला असणार, देवाशप्पथ दिलेला नाही. शुगर वाढली म्हणून आजार वाढला की आजारामुळं शुगर वाढली? रिपोर्ट सगळा इंग्लिशमध्ये, सिस्टर कन्नडमध्ये भरभर सांगतात, अर्धंच कळतंय.

निपाणी_लॅबवाला:
वैनी दोन्ही आकडे खरे आहेत की. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशीला चिकटलेली साखर, पेशी जगते साधारण १२० दिवस, म्हणून तो मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब. ७ म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास. जूनच्या रिपोर्टात आत्ताचा ताप कसा दिसेल? आता परत करणार असतील तर हिमोग्लोबिन पण बघा, अंगात लोह कमी असलं तर एचबीए१सी उगाच वर दिसते आणि रक्त चढवलं तर तो आकडा धरता येत नाही. आमच्याकडं लोक नुसता एक आकडा बघून खूश होऊन जातात, हे मला रोज दिसतं.

सिस्टर_टिळकवाडी:
३२ वर्षं वॉर्डात काम केलंय म्हणून सांगते, नणंदेला सांग कुंद्याचा काही दोष नाही. मोठं इन्फेक्शन झालं की अंगात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, लिव्हर साखर सोडत बसतं आणि इन्सुलिन नीट लागू होत नाही, डायबेटिस नसलेल्याची पण शुगर चढते तेव्हा. आणि शुगर चढली की पांढऱ्या पेशी मंदावतात, मग इन्फेक्शनला रान मोकळं, म्हणजे दोन्हीकडून आहे ते. कोरोनात २०२० साली फ्रान्सच्या कोरोनाडो अभ्यासात अ‍ॅडमिट झालेल्या डायबेटिसच्या पेशंटांचा एचबीए१सीशी आजार बिघडण्याचा संबंध दिसला नाही, वजनाशी दिसला. पण इंग्लंडच्या मोठ्या नोंदींत एचबीए१सी जास्त तसे मृत्यू जास्त दिसले. मला यात भांडण वाटत नाही, इंग्लंडनं सगळ्या डायबेटिसवाल्यांचं बघितलं, फ्रान्सनं फक्त आधीच अ‍ॅडमिट झालेल्यांचं. घरी असताना कुणाला धोका जास्त ते एचबीए१सी सांगते, बेडवर आल्यावर मात्र आल्या वेळची आणि रोजची शुगर बघायची. स्टेरॉईड चालू आहे का ते नक्की विचार, त्यानं अजून चढते. सिरियस पेशंटला साधारण १४० ते १८० मध्ये ठेवायला बघतात. आता इन्सुलिन लावलं तर घाबरू नका, कायमचं लागलंच असं नसतं.

येळ्ळूरचा_पोरगा:
एक राहिलं, आप्पांच्या गोळ्यांची पाकिटं सगळी पिशवीत घालून डॉक्टरना दाखवा. माझ्या मोठ्या भावाला शुगरची डापाग्लिफ्लोझिन गोळी चालू होती, न्यूमोनिया झाला, जेवण बंद, शुगर फक्त १९० म्हणून आम्ही निवांत राहिलो आणि रक्तात किटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून होणारं आम्ल) निघाले, तीन दिवस आयसीयूत काढले. आजारपणात खाणं बंद झालं तर नावाच्या शेवटी फ्लोझिन असलेल्या गोळ्या थांबवायच्या का ते विचारायलाच पाहिजे. उलट इन्सुलिन घेत असतील तर पोट रिकामं म्हणून आपल्या मनानं बंद करायचं नाही. आणि सिस्टरना विचारायला ‘शुगर एष्टु इदे अक्का’ (शुगर किती आहे ताई) एवढं म्हणा, त्या कागदावर आकडा लिहून देतील.

नंदगडची_सून:
सगळ्यांचे खूप आभार. गोळ्यांत फ्लोझिनवाली नाही, बघितलं. स्टेरॉईड पहिले दोन दिवस दिलं होतं म्हणाले, दम लागत होता म्हणून. आज सकाळी एष्टु इदे विचारलं, अक्का हसल्या आणि १७२ लिहून दिलं. नळीनं लावलेला ऑक्सिजन कमी करून एक लिटरवर आणलाय. नणंदेला सिस्टरचा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला, ती काही बोलली नाही, पण दुपारी डबा घेऊन स्वतः आली. आप्पा पेज मागतायत, किती द्यायची ते राउंडला विचारणार.