रंकाळ्यावर दिसला म्हणे, अजून बाजारात न आलेला फोन. फोटो किती खरे धरायचे?

पंचगंगाकाठ
गेले चार दिवस कोल्हापूरच्या तीन-चार व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय फिरतोय. ज्या फोनची तारीखही कंपनीनं जाहीर केलेली नाही, तो म्हणे रंकाळा चौपाटीवर एकाच्या हातात होता. पुरावा म्हणून आलेला माल असा:

– पाठीमागच्या बाजूचे दोन फोटो, एकात कठडा आणि पाणी दिसतंय
– नऊ सेकंदांचा व्हिडिओ, स्क्रीन चालू, पण लॉक स्क्रीनच्या पुढं काही नाही
– गीकबेंचचा (फोनचा वेग मोजणारं ॲप) स्क्रीनशॉट, मॉडेल नंबरसकट
– "राजारामपुरीत एकाकडं पीस आलाय, पाच हजार भरून नंबर लावा" असा मेसेज

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर दोन कंपन्यांचे भक्त इथंच कुस्तीचं खासबाग मैदान करतील. यातल्या कुठल्या पुराव्याला किती वजन द्यायचं, आणि फोन खरंच हातात मिळाला तर पाच मिनिटांत काय बघायचं, एवढंच सांगा.

मोजपट्टी
फोटोपासून सुरुवात करू. लोक कॅमेऱ्याच्या गोलांकडं बघतात आणि तिथंच फसतात. आधी लांबी-रुंदीचं गुणोत्तर काढा. बाजारात येऊन गेलेल्या दोन फोनांचं उदाहरण घेतो. गॅलेक्सी एस२३ अल्ट्रा १६३.४ बाय ७८.१ मिमी, म्हणजे गुणोत्तर २.०९२. एस२४ अल्ट्रा १६२.३ बाय ७९.० मिमी, गुणोत्तर २.०५४. फरक दोन टक्क्यांच्या आत. आता जुना एस२३ अल्ट्रा कॅमेऱ्यासमोर फक्त ११ अंश मागं कलता धरा. उंची कोसाइनच्या हिशेबानं १.८ टक्के कमी दिसते आणि गुणोत्तर येतं २.०५४. म्हणजे हात थोडा वाकडा धरला की जुना फोन मापानं 'नवा' होतो. एकाच कंपनीचं लागोपाठचं मॉडेल असेल तर अख्ख्या फोनचं गुणोत्तर हा पुरावा म्हणून बाद.

कल आहे का हे ओळखता येतं, पण फोटो जवळून काढलेला असेल तरच. साधारण ४० सेंमीवरून काढलेल्या फोटोत ११ अंशांच्या कलामुळं वरची कड खालच्या कडेपेक्षा सात-आठ टक्के अरुंद दिसते. फोटो संपादनाच्या कुठल्याही ॲपमध्ये दोन्ही कडांचे पिक्सेल मोजा. पण तोच फोटो दोन मीटरवरून झूम करून काढला असेल तर फरक दीड टक्क्यावर येतो आणि डोळ्याला कळत नाही. "लांबून, चोरून काढलाय" हे वाक्य म्हणून फार सोयीचं असतं.

त्यापेक्षा आडवी मापं आडव्या मापांशी ताडा. कॅमेऱ्याच्या कड्याची रुंदी भागिले फोनची रुंदी, दोन लेन्सच्या मध्यबिंदूंमधलं आडवं अंतर भागिले फोनची रुंदी. फोन मागं-पुढं कलला तरी ही गुणोत्तरं फारशी हलत नाहीत. जुन्या मॉडेलचे आकडे कंपनीच्या अधिकृत फोटोवरून काढा आणि शेजारी मांडा. तंतोतंत जुळले तर फोन बहुधा जुनाच आहे, वर नवी स्किन चिकटवलेली.

फोटोत एटीएम कार्ड आलं तर सोन्याहून पिवळं, कारण कुठल्याही बँकेचं कार्ड ८५.६ बाय ५३.९८ मिमीच असतं. मात्र कार्ड फोनच्याच पातळीत, त्याला टेकवून ठेवलेलं हवं. पुढं धरलेलं कार्ड मोठं दिसतं आणि फोन उगाच लहान निघतो.

लक्ष्मीपुरी_कव्हर
मापं जुन्या मॉडेलशी जुळली नाहीत तरी लगेच नाचू नका भावांनो. डमी नावाचा प्रकार असतो.

कव्हर बनवणाऱ्याला फोन येईल त्याच दिवशी माल दुकानात पाहिजे असतो. साचा आधी पाडावा लागतो, म्हणून कुठून तरी मिळालेल्या कॅड (संगणकावर काढलेल्या) ड्रॉइंगवरून प्लॅस्टिकचा किंवा धातूचा ठोकळा बनवतात. माप बऱ्याचदा बरोबर असतं, कारण धंदा मापावरच आहे. रंग, पॉलिश, लोगो मात्र अंदाजपंचे. आणि ड्रॉइंग चुकलं तर अख्खी खेप भंगारात. त्यामुळं 'कव्हर आलंय म्हणजे फोन आलाय' हे कधीच खरं नसतं. कव्हरवाल्यानं एका ड्रॉइंगवर जुगार खेळलाय, एवढाच त्याचा अर्थ.

डमी हातात आली तर असं बघा:

चार्जिंगच्या भोकात केबल घाला. अर्ध्यात अडकते किंवा जातच नाही. सिमचा ट्रे नुसता कोरलेला असतो, पिन टोचली तरी हलत नाही. बटणं दाबली तर टिक होत नाही. स्पीकरची भोकं आरपार नसतात. स्क्रीन म्हणजे छापील स्टिकर, काचेखाली. म्हणून एकाच खेपेच्या सगळ्या डमींवर तीच वेळ, तेच आयकॉन. दोन वेगळ्या 'दर्शनां'च्या फोटोंत घड्याळात मिनिटासकट एकच वेळ दिसली तर पुढं बोलायची गरजच नाही.

वजन सगळ्यात बेस्ट. एस२४ अल्ट्रा २३२ ग्रॅम, आयफोन १५ प्रो १८७ ग्रॅम. डमीत बॅटरी नसते, त्यामुळं आकडा बहुतेक वेळा बराच खाली येतो. किराणा दुकानाचा काटा चालतो, गुजरीत सराफाचा मिळाला तर काय विचारता. काही डमींत वजनासाठी लोखंडी पट्टी टाकतात, तेव्हा नुसत्या वजनावर थांबू नका. फोन बोटावर तोलून बघा, भार एकाच ठिकाणी गोळा झालेला लागतो.

लेन्समध्ये टॉर्च तिरकी मारा. खऱ्या लेन्समध्ये एकामागं एक काचा असतात, त्यामुळं चार-पाच रंगीत ठिपके वेगवेगळ्या खोलीवर दिसतात आणि टॉर्च हलवली की वेगवेगळे सरकतात. डमीत एकच पांढरा ठिपका, वरच्या काचेचा. पेरिस्कोप झूम असल्याचा दावा असेल तर आत चौकोनी खिडकी दिसायला हवी, गोल नाही.

सिमट्रे
व्हिडिओत स्क्रीन चालू आहे म्हणजे डमी नाही, हे मान्य. मग तो क्लोन, म्हणजे चालणारी नक्कल, असू शकतो. हातात आला तर *#०६# दाबा, आयएमईआय (फोनचा पंधरा अंकी ओळख क्रमांक) घ्या आणि १४४२२ ला 'केवायएम' लिहून एक जागा सोडून पंधरा आकडे एसएमएस करा. उत्तरात वैध आलं की फोन ओरिजिनल. विषय संपला.

मोजपट्टी
@सिमट्रे, इथं दुरुस्ती पाहिजे दादा. 'वैध' याचा अर्थ तो क्रमांक खरा आहे, फोन खरा आहे असा नाही. क्लोनवाले एखाद्या चालू फोनचाच आयएमईआय घालतात. उत्तरात ब्रँड आणि मॉडेल येतं, वाचायचं ते. मेसेजमध्ये 'पुढच्या वर्षीचा फोन' आणि उत्तरात तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल, असं निघालं तर निकाल लागला.

आयएमईआयचे पहिले आठ अंक टॅक म्हणतात, ते मॉडेलनुसार दिले जातात. पुढचे सहा त्या नगाचा अनुक्रमांक आणि शेवटचा तपासणीचा अंक. तो कागदावर ताडता येतो: डावीकडून दुसरा, चौथा, असं करत चौदावा अंक दुप्पट करा. दुप्पट दोन अंकी आली तर त्या दोन अंकांची बेरीज घ्या. मग सगळ्या पंधरांची बेरीज करा, तिला १० नं पूर्ण भाग गेला पाहिजे. मनानं रचलेला क्रमांक दहातल्या नऊ वेळा इथंच पडतो.

आणखी एक. १ जानेवारी २०२३ पासून भारतात बनलेल्या प्रत्येक फोनचा आयएमईआय पहिल्या विक्रीआधी सरकारी पोर्टलवर नोंदवणं बंधनकारक आहे, आयात फोनचा आयात करण्याआधी. आणि आयएमईआयशी छेडछाड हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा गुन्हा आहे. असला फोन 'गंमत म्हणून' सुद्धा विकत घेऊ नये.

सिमट्रे
बरोबर, माझं चुकलं. मग क्लोनसाठी हे धरा: आयफोनचा क्लोन असेल तर त्यातलं ॲप स्टोअर उघडलं की आत प्ले स्टोअर निघतं, अँड्रॉइडचा असेल तर सीपीयू-झेड या चिप दाखवणाऱ्या ॲपमध्ये भलतीच चिप दिसते. '१ टीबी' लिहिलेल्यात ४० जीबीची एक फाइल टाका आणि परत उघडा. साठा खोटा असेल तर फाइल जाते पण उघडत नाही. सेटिंगमधलं 'फोनविषयी' हे पान मात्र बघून न बघितल्यासारखंच. तिथं काय वाट्टेल ते लिहिता येतं. रेग्युलेटरी लेबल बघा, आर-नंबर (बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक) असेल तर बीआयएस केअर ॲपमध्ये घालून तो कुणाच्या नावावर आहे ते कळतं.

कर्नल_पॅनिक
गीकबेंचबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

गीकबेंच मॉडेलचं नाव फोनच्या सिस्टीमकडून वाचतं. रूट केलेल्या, म्हणजे सिस्टीमच्या फाइल बदलायची मुभा मिळवलेल्या, अँड्रॉइडमध्ये बिल्ड डॉट प्रॉप फाइलमधली एक ओळ बदलली की जुना फोन हव्या त्या नावानं निकाल टाकतो. साइटवर तो निकाल खराच दिसतो, कारण चाचणी खरी झालेली असते. फक्त नाव खोटं. म्हणून स्क्रीनशॉट नको, निकालाची लिंक मागा आणि नाव सोडून बाकीचं वाचा: कोअरचे (चिपमधल्या गणकांचे) गट किती, प्रत्येकाचा वेग किती, मदरबोर्डचं सांकेतिक नाव काय. उदाहरणार्थ स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ चा मुख्य कोअर ३.३ गिगाहर्ट्झचा, पण एस२४ अल्ट्रामध्ये तोच ३.३९ चा बसवला होता. नाव बदलणारे बऱ्याचदा वेग बदलायचं विसरतात. वेगही खोटा दाखवता येतो, पण त्याला कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, हात घालावा लागतो. ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याला तेवढा उद्योग बहुधा नसतो.

सॅमसंगचा नंबर असेल तर शेवटचं अक्षर बघा. एसएम-एस९२८ (एस२४ अल्ट्राचा नंबर) नंतर 'बी' असेल तर जागतिक आवृत्ती, आपल्याकडं तीच विकतात. 'यू' अमेरिकेची, 'एन' कोरियाची. कोरियाचा नंबर घेऊन रंकाळ्यावर भेळ खाणारा माणूस अशक्य नाही, पण पहिला संशय तोच.

फोटोच्या आतली एक्झिफ माहिती (कधी, कुठल्या कॅमेऱ्यानं काढला वगैरे) साधा मजकूर आहे, कुणालाही बदलता येते. शिवाय व्हॉट्सॲप फोटो म्हणून पाठवला की ती पुसून टाकतं. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

भवानीमंडप
एक बाजू राहतेय. दरवेळी खोटंच असतं असं नाही. मार्च २०१० मध्ये ॲपलच्या अभियंत्याकडून आयफोन ४ चा नमुना कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीच्या बारमध्ये विसरला गेला. गिझमोडोनं तो ५००० डॉलरना घेतला आणि एप्रिलमध्ये उघडून दाखवला. फोन जाहीर झाला जूनमध्ये. आणि जून २०१९ मध्ये गूगलनं पिक्सेल ४ ची पाठ स्वतःच ट्विट केली, अफवांना कंटाळून म्हणा किंवा जाहिरात म्हणून.

त्या आयफोनची गोष्ट नीट बघितली तर उपयोग आहे. तो आयफोन ३जीएस दिसावा अशा कव्हरात लपवलेला होता. बाहेर फिरवायचा नमुना असाच असतो: जाड कव्हर, कॅमेऱ्याची ठेवण झाकलेली. उघडी चकचकीत पाठ कॅमेऱ्याकडं करून कठड्यावर ठेवलेला फोन म्हणजे नेमकं त्याच्या उलटं. पुणे-बेंगळुरू महामार्गानं जाणारा कुणी अभियंता इथं चहाला थांबू शकतो, कोल्हापूर काही नकाशाबाहेर नाही. पण तो फोन उघडा, पालथा ठेवून फोटो काढू देणार नाही.

खरा माग काढायचाच असेल तर कागदपत्रांत. अमेरिकेत विकायचा फोन एफसीसीकडं (तिथल्या दूरसंचार नियामकाकडं) आधी जातो. आतले-बाहेरचे फोटो कंपनी साधारण १८० दिवस गोपनीय ठेवून घेऊ शकते, पण चाचणीचे अहवाल आणि कधीकधी लेबलची जागा दाखवणारी रेखाकृती उघडी असते. सॅमसंगचे एफसीसी आयडी 'ए३एल' नं सुरू होतात, ॲपलचे 'बीसीजी' नं. नऊ सेकंदांच्या व्हिडिओपेक्षा मी त्या रेखाकृतीवर जास्त भरवसा ठेवीन.

पंचगंगाकाठ
मोजून बघितलं. कठड्याच्या फोटोत वरची कड ६१२ पिक्सेल, खालची ६५८. म्हणजे सात टक्के. कॅमेऱ्याच्या कड्याचं आडवं गुणोत्तर गेल्या वर्षीच्या मॉडेलशी जुळतंय, फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. दुसऱ्या फोटोत मागं दुकानाची पाटी आहे, तिच्यातली जोडाक्षरं कुठल्याच लिपीतली वाटत नाहीत.

कर्नल_पॅनिक
मग पहिला फोटो कललेला जुना फोन आणि दुसरा बहुधा एआयचा. एआयला देवनागरी जोडाक्षरं बऱ्याचदा नीट झेपत नाहीत. एमएच-०९ ची नंबरप्लेट कुठं आली असेल तर तीही मोठी करून बघ. आणि पहिला फोटो गूगल लेन्समध्ये उलटा-सुलटा दोन्ही करून टाक. आरशासारखा फिरवलेला फोटो बऱ्याचदा थेट शोधात सापडत नाही. पॉवर बटण चुकीच्या बाजूला दिसत असेल तर फिरवलेलाच आहे.

लक्ष्मीपुरी_कव्हर
पाच हजारांचं बघा. कंपनीनं तारीख दिल्याशिवाय अधिकृत बुकिंग नसतंय. भरायचेच असतील तर दुकानाच्या नावाची पावती मागा, त्यावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक पाहिजे, महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होणारा. पैसे कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागत असतील तर सोडून द्या. आधीच भरले असतील तर १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लगेच फोन करा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

पंचगंगाकाठ
भरलेले नाहीत. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागितली तर "दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे" म्हणतोय. पीस बघायला ये म्हणालाय शनिवारी. केबल, सिमची पिन आणि टॉर्च घेऊन जातो.

मोजपट्टी
टॉर्च सावलीत मार, उन्हात लेन्सच्या आतले ठिपके दिसत नाहीत. आणि एटीएम कार्ड पण ने, माप घ्यायला.